‘कुठं’ नव्हे, ‘कुठलं’ दुखतंय?

(राजूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधी एक खुलासा करतो. पत्रिकेवर माझ्या नावामागे ‘डॉ.’ छापलंय, त्यामुळे मघाशी बाहेर दोघा-तिघांनी मला गुडघे दाखवले. मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर आहे. गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही. तेव्हा आज इथे ऐकून कोणी चालू औषध बंद करू नये आणि नवं सुरू करू नये. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं जरी इथून घेऊन गेलात तरी माझं काम झालं.

मग हा विषय मी का घेतला? कारण घरातलं आहे. आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून ते आधी सांगून टाकतो.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणायचो. सासर इकडचंच, डांगाणातलं. उभा जन्म भाताच्या आवणीत गेला. आवणी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण हे व्याख्यान पुढे बाहेरगावची मंडळीही वाचतात, त्यांच्यासाठी सांगतो. पोटरीभर चिखलात, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन, कमरेतून वाकून दिवसभर रोपं लावायची. उन्हाळ्यात तीच कंबर आणि तेच गुडघे चढावर पाण्याचे हंडे वाहतात. आक्काला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत उतरल्यावर. शहरातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हा आता बरा होणार नाही, पण त्रास कमी करता येईल. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती तिथे.

मॉर्फिन सुरू झालं. बरगडीतली कळ, जिच्यामुळे तिला कुशीवर वळता येत नव्हतं, ती आठवड्याभरात बसली. आमच्या जिवात जीव आला. पण आक्का म्हणायची, ‘दुखतंय रे.’ मी डॉक्टरांना फोन करायचो, अजून दुखतंय. त्यांनी डोस वाढवला. पुन्हा ‘दुखतंय’. पुन्हा वाढवला. तिसऱ्या वेळी तर त्यांची तयारी नव्हती, मीच हट्ट धरला. दवाखाना लांब, रोज तपासणं शक्य नाही, शेवटी त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आक्का दिवसभर गुंगीत राहू लागली, पोट साफ होईना, एका रात्री मोरीकडे जाताना पडली. आणि जागी असली की शब्द तोच, दुखतंय.

मग घरी भेटीला येणाऱ्या एक नर्सताई आल्या. त्या खाटेवर बसल्या नाहीत, खाली बसल्या, आक्काच्या तोंडासमोर. त्यांनी विचारलं, ‘मावशी, कुठलं दुखतंय?’

कुठं नाही, कुठलं.

आक्का म्हणाली, ‘ते बरगडीतलं गेलं की. हे गुडघ्याचं हाय. तीस वर्सं झाली त्याला.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘कोनी इचारलंच न्हाई.’

म्हणजे महिनाभर मी माझ्या बहिणीला तीस वर्षांच्या गुडघेदुखीसाठी कॅन्सरच्या मापानं मॉर्फिन देववत होतो. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, मंडळी. एकच शब्द दोन अर्थांनी वापरून काढलेला निष्कर्ष चुकतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो.

आता मूळ मुद्दा. उपशामक सेवेत असलेल्या माणसाच्या अंगात पुष्कळदा दोन प्रकारची दुखणी एकत्र नांदत असतात. एक त्या गंभीर आजाराचं. दुसरं आधीपासूनचं: झिजलेले गुडघे, कंबर, मधुमेहानं जळणारे तळपाय, नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेली आग. आजार कॅन्सरचाच असतो असंही नाही. थकलेलं हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, फुप्फुसांचा जुना विकार, लकवा, या सगळ्यांनाही ही सेवा लागते, आणि तिथेही दुखणं असतंच. या दोन दुखण्यांचे नियम वेगळे आहेत. सगळा घोळ होतो तो एकाचे नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

हे नियम आले कुठून? लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. त्याही आधी ऑक्सफर्डला त्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकत होत्या, हे मी अभिमानानं सांगतो, आमच्या विषयाला एवढाच काय तो मान मिळतो. त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांतलं, आणि आपल्या जगण्याला काय अर्थ होता या प्रश्नाचं, अशी ती एकात एक गुंतलेली. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती ही, की मरणाच्या वाटेवरच्या माणसाला मॉर्फिन कळ उठल्यावर द्यायचं नाही, घड्याळ लावून, कळ उठायच्या आधी द्यायचं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, मधल्यावर कोडीनसारखी सौम्य अफूवर्गीय, वरच्या पायरीवर मॉर्फिन. कळ थांबेपर्यंत चढत जायचं. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस.

पण ही शिडी कॅन्सरच्या वेदनेसाठी बांधलेली होती. तिच्या पायाशी एक गृहीतक आहे: दुखण्याचं कारण वाढत जाणारं आहे आणि हातात काळ थोडा आहे. गुडघ्याच्या झिजेला यातलं काहीच लागू नाही. तिथे काळ थोडा नाही, उलट काळच फार झालेला असतो.

अमेरिकेत हेच गृहीतक पुसलं गेलं. १९८० मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना अफूवर्गीय औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, असं त्यात होतं. इस्पितळात, देखरेखीखाली. पण पुढे या पत्राचा हवाला देऊन लोक सांगू लागले की कंबरदुखीच्या माणसाला ही औषधं वर्षानुवर्षं दिली तरी धोका नाही. १९९६ मध्ये अशी एक जोरदार गोळी बाजारात आली, तिचा प्रचंड प्रचार झाला, आणि पुढची कहाणी तुम्ही वर्तमानपत्रात वाचलीच असेल. लाखो माणसं गेली.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. हेतू चांगला. पण परवान्यांचं जंजाळ इतकं झालं की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि ज्याला ते खरोखर हवं तो कॅन्सरचा माणूस ओरडत मेला. आणि अफू पिकते कुठे? मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्यानं! औषध आपल्याच मातीतलं आणि आपल्याच माणसाला नाही. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोळिकोडला काम उभं केलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा थोडा सैल झाला.

तिकडे व्यसनाला विसरले, इकडे व्यसनाला भ्याले. मला विचाराल तर चूक एकच आहे. दुखणं म्हणजे दुखणं, असं दोघांनीही धरलं. कुठलं, हे विचारलं नाही.

बरं, मॉर्फिननं गुडघा का थांबत नाही? थोडे दिवस थांबतो. मग शरीर सरावतं, डोस वाढवावा लागतो, आणि काही जणांत तर मज्जासंस्था उलटी जास्तच हळवी होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत एक चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी, नाहीतर गुडघ्या-खुब्याची झीज असलेले २४० जण. निम्म्यांना अफूवर्गीय औषधं, निम्म्यांना पॅरासिटामॉलपासून सुरू होणारी साधी. वर्षभरानं पाहिलं तर हिंडण्याफिरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि वेदना किंचित कमी होती ती साध्या औषधांच्या गटात.

दीर्घकाळच्या वेदनेचं गणितच निराळं असतं. तीन महिन्यांच्या वर टिकली की तिला जुनाट म्हणतात. ताजी वेदना म्हणजे वाड्यावर चोर आल्यावर भुंकणारं कुत्रं, ते भुंकायलाच हवं. जुनाट वेदनेत चोर केव्हाच गेलेला असतो आणि कुत्र्याला भुंकायची सवय लागलेली असते. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःचं घर मिळालं, ती नुसतं लक्षण नाही, स्वतःही आजार असू शकते म्हणून. मला गंमत वाटली. आपण मराठीत हे कधीपासून म्हणतोय. ‘त्याचं दुखणं लांबलं’, ‘तिनं मोठं दुखणं काढलं’. वेदनेला आणि आजाराला आपल्याकडे शब्द एकच.

भाषेचाच विषय निघालाय तर थोडं थांबतो इथे, कारण आशाताई बसल्यात समोर आणि त्यांना हे उपयोगी आहे. दवाखान्यात विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतं?’ आमच्या आक्काला हा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘लई.’ शून्य ते दहा हे तिचं मापच नव्हे. पण तिला ठणका, ठसठस, रग, उसण, चमक, जळजळ, भगभग, मुंग्या, सल, ओढ, कळ असले वीस शब्द येत होते आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा होता. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये अशाच शब्दांची प्रश्नावली केली इंग्रजीत. आपल्या म्हाताऱ्यांना ती पाठ आहे! आणि हे शब्द नुसते रंगीत नाहीत, त्यांनी औषध बदलतं. रग लागते, ठणकतं, चाललं की वाढतं, बसलं की कमी होतं, असं म्हटलं तर बहुधा सांध्याचं किंवा स्नायूचं. जळजळतं, मुंग्या येतात, विजेचा करंट बसतो, चादर लागली तरी सहन होत नाही, असं म्हटलं तर बहुधा नसेचं. नसेच्या दुखण्याला पॅरासिटामॉल फारसं लागू पडत नाही. तिथे अमिट्रिप्टिलिन रात्री अगदी कमी मात्रेत, किंवा गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन अशी औषधं देतात. त्यांनीही गुंगी येते, तोल जातो, मूत्रपिंड थकलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. तेव्हा नोंद करताना ‘दुखतंय’ एवढंच लिहू नका. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा.

सांध्याच्या दुखण्याला काय? इथे मला थोडं रागावून बोलायचंय. बाजारात, बसस्टँडजवळ, कुणाच्या तरी सांगण्यावरून मिळणाऱ्या पुड्या आणि ‘दुखण्याचं इंजेक्शन’. तासाभरात माणूस चालायला लागतो. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असतं, कधी स्टेरॉइड. निरोगी तरुणाला चार दिवस चालून जाईल. पण ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड आधीच थकलंय त्याच्या अंगात त्यानं पाणी साचतं, पायांवर सूज चढते, दम लागतो, मूत्रपिंड आणखी ढासळतं, पोटात रक्तस्राव होतो. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तुम्ही जनावरांची माणसं, तुम्हाला जवळचा दाखला देतो. आपल्या आकाशातली गिधाडं गेली कशानं? गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं सरकारनं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरं. पण थकलेल्या मूत्रपिंडाचा माणूस समजतो तेवढा दणकटही नाही.

त्यापेक्षा चोळायचा मलम बरा, अंगात कमी उतरतो. पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजन आणि यकृत पाहून ठरवलेल्या मर्यादेत. शेक. कमोडची खुर्ची, म्हणजे उकिडवं बसावं लागत नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, खाली घ्यायचा, दहा वेळा. कुणी म्हणेल, मरायला टेकलेल्या माणसाला व्यायाम कसला? पण टेकलेला माणूस कधी कधी दोन-तीन वर्षं असतो. फक्त एक, हाडात कॅन्सर असेल तर ते हाड भार घेईल का, हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरांनी मॉर्फिनच्या विरुद्ध भाषण केलं. तसं नाही. कॅन्सर नसला म्हणजे मॉर्फिन नको, असा हिशेब नाही. रक्तपुरवठा तुटून काळ्या पडलेल्या पायाची वेदना कॅन्सरच्या तोडीची असते. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांची कळ उठते तेव्हा जोरदार औषध लागतं, आणि पुष्कळदा ‘नाटक करतो’ म्हणून त्यांना परत पाठवतात. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल शंका घेणं फार सोपं असतं, आमच्या तत्त्वज्ञांनी त्यावर पुस्तकं लिहिली आहेत. मला वाटतं आधी विश्वास ठेवायचा आणि मग प्रश्न विचारायचे. मी आक्काच्या बाबतीत विश्वास ठेवला, प्रश्न विचारला नाही. घराघरांत याच्या उलट चालतं: ‘वयाचंच आहे, चालायचंच’. हाही प्रश्न न विचारण्याचाच प्रकार.

आणि ‘जुनंच आहे’ म्हणण्यात एक मोठा धोका आहे, हे मात्र नीट ऐका. कॅन्सरच्या माणसाची कंबर नव्यानं, वेगळ्या तऱ्हेनं दुखायला लागली, आडवं झालं की वाढू लागली, पायांतलं बळ गेलं, लघवी अडली, तर थांबायचं नाही. मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. इथून नाशिक काय, नगर काय, दिवस जातो, म्हणून तर उद्यावर टाकायचं नाही.

काही माणसं सांगूच शकत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेले, वाचा गेलेले. त्यांचं कपाळ बघा, कुशीवर वळवताना तोंड कसं होतं ते बघा, एकदम जेवण सोडलं का, हात झटकतात का. लकव्याच्या माणसाचा खांदा बहुतेक वेळा आपणच दुखावतो. उठवताना लुळा हात धरून ओढतो. हात ओढायचा नाही, पाठीमागून आणि कमरेला आधार देऊन उठवायचं.

आक्काचं पुढे काय झालं? नर्सताईंनी दुसरा प्रश्न विचारला होता: ‘गुडघा थोडा हलका झाला तर काय करावंसं वाटतं, मावशी?’ दुखणं शून्यावर आणण्याचं वचन त्यांनी दिलं नाही. आक्का म्हणाली, ओट्यावर बसायचंय, गुरं परत येताना बघायचीत. मॉर्फिन डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं, एकदम बंद करायचं नसतं ते. बरगडीपुरतं ठेवलं, त्याच्याबरोबर पोट साफ राहायचं औषध, जे पहिल्या दिवसापासून नेमानं द्यायला हवं होतं. हाडं तपासून घेतली. खुर्ची, काठी, मलम, शेक, आणि नातीनं रोज दोनदा करून घेतलेला तो दहा वेळांचा व्यायाम. तीन आठवड्यांनी ती ओट्यावर आली. गुडघा दुखतच होता. त्यानंतर अकरा महिने ती होती. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर रोज संध्याकाळी ओट्यावर.

मघाशी दारात एका आजोबांनी विचारलं होतं, काठी कुठल्या हातात धरायची. त्यांना म्हटलं होतं भाषणात सांगतो. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आजोबा. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तेवढी उंच हवी. तुमची मला जरा लांब वाटली, दोन बोटं कापून घ्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. बाहेर पायऱ्या आहेत, जाताना करून बघा, मी बरोबर येतो.